मे महिन्यात स्लॅब टाकताय? आधी वेळ आणि पाण्याचा हिशेब ठरवा

पावसाळ्याआधी डोक्यावर छत यावं, खरिपाच्या पेरणीआधी मजूर मोकळे असतात, घरकुलाचा पुढचा हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर अवलंबून असतो. या सगळ्या कारणांमुळे आपल्याकडे एप्रिल-मे हाच स्लॅबचा हंगाम ठरतो. नेमक्या त्याच दिवसांत भुसावळ, रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी झळा सुरू होतात. सिमेंट चांगल्या कंपनीचं, सळई बिलासकट घेतलेली, तरी दोन पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागतो. मग दोष सिमेंटला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा गडबड स्लॅब टाकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि पुढच्या १४ दिवसांत झालेली असते.

ऊन काँक्रीटचं काय करतं?

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. ही क्रिया चालू राहण्यासाठी आत पाणी टिकावं लागतं. पाणी उडालं की क्रिया तिथेच थांबते.

उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली, माल गरम असला की तो लवकर आवळतो. सुरुवातीला ताकद झपाट्याने येते, पण २८ दिवसांनी मोजली तर थंड वेळी टाकलेल्या मालापेक्षा कमी भरते. दुसरी, वरच्या थरातलं पाणी खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वेगाने उडतं. वरचा थर आकसतो, त्याच्यात अजून ताकद नसते, आणि तो फाटतो. स्लॅब टाकल्यावर दोन-चार तासांत दिसणाऱ्या बारीक भेगा या अशा असतात. त्यातूनच पुढे पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजून फुगते आणि खालून पोपडे पडायला लागतात.

यात नुसतं ऊन नाही, वाराही तितकाच दोषी आहे. केळीच्या बागेला गरम वारा लागू नये म्हणून आपण कडेने शेवरी लावतो, हिरवी नेट बांधतो. स्लॅबचंही तसंच आहे. पश्चिमेकडून झळा येत असतील तर त्या बाजूला नेट किंवा ताडपत्री बांधली तरी भेगा बऱ्याच कमी होतात.

दुपारी नको, संध्याकाळी टाका

भारतीय मानक आयएस ७८६१ नुसार हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असताना केलेलं काँक्रीट हे उष्ण हवामानातलं काम धरलं जातं. टाकताना मालाचं तापमानही ४० अंशांच्या वर जाऊ नये, असं त्यात आहे. म्हणजे आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं प्रत्येक काम यात मोडतं.

आपल्याकडची पद्धत अशी की सकाळी आठला नारळ फोडायचा, नऊला मिक्सर सुरू, आणि शेवटचं घमेलं दुपारी तीनला. म्हणजे निम्मा माल भर उन्हात पडतो. त्यापेक्षा संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू करून रात्री दहा-अकरापर्यंत संपवा. रात्रभर स्लॅबला ऊन लागत नाही. लाइटची सोय आणि लोडशेडिंगचा विचार मात्र आधी करा, व्हायब्रेटर मध्येच बंद पडून चालणार नाही. रात्री जमत नसेल तर पहाटे चारला सुरू करून नऊपर्यंत आटपा, पण मग ऊन चढायच्या आत स्लॅब झाकायची तयारी हवी.

वाळवंटी देशांत हेच करतात. दुबईचा बुर्ज खलिफा बांधताना उन्हाळ्यात काँक्रीट रात्री टाकलं जाई आणि मालात बर्फ मिसळला जाई. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. ती मजुरांच्या जिवासाठी आहे. आपल्याकडेही घमेली उचलणारी माणसंच असतात. उष्माघात झालेला माणूस स्लॅबवरून खाली पडू शकतो. वेळ बदलली तर मालही वाचतो आणि माणूसही.

माल थंड ठेवायचा कसा?

काँक्रीटमध्ये तीन चतुर्थांशाच्या आसपास खडी आणि वाळूच असते. ती दिवसभर उन्हात तापली तर माल गरमच होणार. आदल्या रात्री आणि टाकण्याच्या तासभर आधी खडीवर पाणी शिंपडा, पाणी उडताना खडी थंड होते. पाणी साचलेली खडी मात्र मिक्सरमध्ये घालू नका. सिमेंटच्या गोण्या सावलीत ठेवा. पाण्याचं टिपाड झाडाखाली ठेवून ओलं बारदान गुंडाळा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी तर अजिबात वापरू नका. बर्फ घातला तर त्याचं वजन पाण्याच्या मापातच धरायचं, वेगळं नाही.

दुपारी हाताला चटका देणारी सळई आणि सेंट्रिंगच्या तापलेल्या प्लेटा टाकण्याआधी पाणी मारून थंड करा, पण प्लेटवर डबकं राहू देऊ नका.

घट्ट झाला म्हणून पाणी ओतू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ऊन वाढलं, माल घट्ट झाला, पसरेना, की मिस्त्री म्हणतो, "अर्धी बादली सोड रे." माल पसरतो, सगळे खूश. पण तेवढ्याने ताकद कमी झालेली असते.

एम-२० च्या कामाला ५० किलोच्या एका गोणीमागे साधारण २७-२८ लिटर पाणी पुरतं. ३० लिटरच्या वर जाऊच नये, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच मोजायचं. बादलीवर खूण करा आणि घरातलं एक माणूस मिक्सरजवळ फक्त त्यासाठी उभं करा. सैल माल हवाच असेल तर पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर वापरा, किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. भेगा दिसल्या म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरू नका. माल ओला आहे तोवर थापीने दाबून भेगा मिटवा आणि लगेच झाका.

पाणी कोणतं हाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये बोअरचं पाणी खारट असतं. ते सळई गंजवतं. सोपा नियम असा की जे पाणी पिता येतं, तेच मालात आणि पुढे मारायलाही वापरावं.

पाणी किती दिवस मारायचं?

"सात दिवस पाणी मारा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस सांगितले आहेत, पण हवा उष्ण आणि कोरडी असेल तर किमान १० दिवस. पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. गोणीवर काय छापलंय ते बघा. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक पीपीसीच मिळतं. तेव्हा १४ दिवस धरून चला.

पाणी सकाळ-संध्याकाळ मारून मधे स्लॅब पांढरा पडत असेल तर त्याचा उपयोग अर्धाच. तो सतत ओला राहिला पाहिजे.

टँकरवर असलेल्या गावांसाठी हिशेब मांडू. ५०० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. वाफे करून एक इंच पाणी भरलं तर साडेअकराशे लिटर लागतात. दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर रोज सुमारे ४६० लिटर भर घालावी लागते. १४ दिवसांत हा आकडा साडेसात हजार लिटरच्या वर जातो, म्हणजे पाच हजारांचा दीड टँकर. हे परवडत नसेल तर ओली बारदानं अंथरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाका आणि कडा विटांनी दाबा. वाफ आतच राहते, पाणी बरंच कमी लागतं. फक्त रोज कागद उचलून बारदान ओलं आहे का ते हाताने बघा. कॉलमला आणि बीमच्या बाजूंनाही बारदान गुंडाळा, तिथे पाणी साचत नसल्याने तेच आधी सुकतात.

पाण्याची ही सोय होत नसेल तर स्लॅब चार आठवडे पुढे ढकलणं बरं. पहिल्या पावसानंतर, उघडीप बघून टाकलेला स्लॅब मे महिन्यात कोरडा ठेवलेल्या स्लॅबपेक्षा केव्हाही चांगला.

सेंट्रिंग काढायची घाई

उन्हात स्लॅब लवकर कडक वाटतो, म्हणून सेंट्रिंगवाला प्लेटा दुसरीकडे न्यायला मागतो. मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि पुढे २१ दिवस. ही मुदत ओपीसीची आहे. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून आणखी वाढवा.

आदल्या दिवशी एवढं बघून घ्या

- बारदानं आणि प्लॅस्टिकचा कागद गच्चीजवळ आणून ठेवला का?
- १४ दिवसांच्या पाण्याची सोय पक्की झाली का?
- सळईखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक सगळीकडे आहेत का?
- व्हायब्रेटर चालू करून पाहिला का? लाइट गेली तर जनरेटर आहे का?
- मजुरांना पिण्याचं पाणी, सावली आणि ओआरएस आहे का?
- ठेकेदाराशी ठरलेली वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची आहे का?

यातलं एखादं उत्तर "नाही" असेल तर मिक्सर एक दिवस उशिरा बोलवा. एक दिवसाचं भाडं गेलं तरी चालेल, स्लॅब पुन्हा टाकता येत नाही.