पाय टेकवायचा कधी आणि किती?

नडगीच्या हाडाचे ऑपरेशन झाले, रॉड किंवा प्लेट बसली, टाके निघाले. आता घरात एकच प्रश्न असतो : पाय टेकवायचा कधी? वस्तीत फिरताना आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटतात. मजुरी बुडते म्हणून कुणी महिन्याभरातच कामावर जातो, तर कुणी डॉक्टरांनी परवानगी देऊनही "रॉड वाकेल" या भीतीने पाय उचलूनच बसतो. नुकसान दोघांचेही होते.

रॉड हाड जोडत नाही, फक्त जागेवर धरून ठेवतो. जोडण्याचे काम शरीर करते आणि नडगीला त्यासाठी बहुधा 4 ते 6 महिने लागतात. त्याआधी रोज जादा भार पडत राहिला तर स्क्रू, कधी रॉडसुद्धा तुटतो. उलट पाय वापरलाच नाही तर मांडी-पोटरी सुकते, घोटा आखडतो, हाड ठिसूळ होते. योग्य वेळी, योग्य मापाने पडलेला भार हाडाला बळ देतो.

शेजाऱ्याचा हिशेब आपल्याला लावू नका. हाड मधोमध मोडून रॉड बसला असेल तर बऱ्याचदा थोड्याच दिवसांत भार द्यायला सांगतात. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात मोड असेल तर 6 ते 12 आठवडेही थांबावे लागते. म्हणून सुट्टी घेताना तीन गोष्टी विचारा : भार किती? कधीपासून? पुढचा एक्स-रे कधी? उत्तरे कागदावर लिहून घ्या. विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.

"अर्धा भार" म्हणजे किती, हे वजनकाट्यावर समजते. दुखरा पाय काट्यावर आणि चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा. हात वॉकरवर किंवा कुबड्यांवर असू द्या, सोबत कुणीतरी हवेच. वजन 60 किलो असेल तर काटा 30 वर येईपर्यंतच दाबा. तो दाब पायाच्या लक्षात राहतो.

पायरी चढताना चांगला पाय आधी. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. उकिडवे बसण्याची घाई नको. बैठ्या संडासावर मध्ये भोक पाडलेली मजबूत खुर्ची ठेवता येते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पलंगावर पडल्या पडल्या घोटा वर-खाली हलवत राहा. डाळ, अंडी, शेंगदाणे, सुकी मासळी खा. तंबाखू, मिसरी, बिडी बंद. त्यांनी हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

चालल्यावर थोडी सूज येते, पाय उंच ठेवला की उतरते. पण पोटरी घट्ट होऊन दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप आला किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत गेले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नका, 108 ला फोन करा.

आणि घरच्यांना एक विनंती : "अजून किती दिवस बसणार?" असे टोचून बोलू नका. कामावर लवकर जाऊन पुन्हा टेबलावर जाण्यापेक्षा दोन महिने उशीर परवडतो.