वेगमर्यादेचा आकडा येतो कुठून?

इंडियन रोड्स काँग्रेसने 1983 मध्ये शहरी रस्त्यांच्या आखणीचे मानक काढले. आखणीचा वेग मुख्य रस्त्याला ताशी 80 किलोमीटर, उपमुख्य रस्त्याला 60, गल्लीला 30. वळणे, चढ, दृष्टिपल्ला सगळे त्यावरून. 80 च्या वेगातली गाडी थांबायला 120 मीटर धरतात. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद, म्हणजे 55 मीटर तर गेलेच.

मुंबईच्या उपनगरांत या हिशेबाचे पुढे काय झाले? जुन्या घोडबंदर रोडला आणि आग्रा रोडला समांतर दोन द्रुतगती महामार्ग त्याआधीच आले होते आणि त्यांच्या दोन्ही अंगांना वस्ती दाटत गेली. नव्वदच्या दशकाअखेर उड्डाणपुलांची रांग लागली. गाडीला वाट मोकळी झाली. पायी जाणाऱ्याला पलीकडचा बसस्टॉप होता तितकाच दूर राहिला.

वेगमर्यादा ठरवण्याची रूढ पद्धत साधी आहे. मोकळ्या रहदारीत गाड्यांचे वेग नोंदवायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतात त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. बहुतेक चालक समंजस असतात, हा त्यामागचा विश्वास. पण इथे दिवसा कोंडीत वेग मोजण्यात अर्थ नाही, आणि मध्यरात्री मोजला तर रुंद, रिकामा रस्ताच चालकाला भरधाव जायला सांगतो. घाटकोपरला एलबीएस मार्गावर, म्हणजे त्याच जुन्या आग्रा रोडवर, टेम्पो आणि रिक्षांच्या फटीतून वाट काढणारी शाळकरी मुले त्या नोंदवहीत कुठेच येत नाहीत. मला हीच त्या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव वाटते.

एप्रिल 2018 मध्ये केंद्राने महापालिका हद्दीत मोटारीला 70, दुचाकीला 60, रिक्षाला 50 अशी कमाल मर्यादा दिली. ती कमाल होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे राज्याला ती खाली आणता येते. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसे आणि वाहने मिसळतात तिथे 30, हे रस्तासुरक्षेच्या फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही आले.

2022 मध्ये दोन्ही महामार्ग महापालिकेकडे आले, जानेवारी 2023 पासून त्यांतल्या पश्चिमेकडच्या महामार्गावरून मेट्रो 7 गुंदवलीपर्यंत धावू लागली. स्टेशनचा जिना उतरला की अनेकदा सर्व्हिस रोड ओलांडावा लागतो. तिथे 30 ची मर्यादा हवी. आणि नुसती पाटी नको, अरुंद मार्गिका आणि उंच केलेले क्रॉसिंगही हवे.