खारावलेल्या शेतात करंजाचे तेल

दोन वाट्या घ्या. एकीत साधे पाणी घाला, दुसरीत दोन चमचे मीठ विरघळवलेले पाणी. दोन्हींत बटाट्याची एकेक चकती टाका आणि तासाभराने पाहा. साध्या पाण्यातील चकती ताठ असेल, मिठाच्या पाण्यातील लुळी पडलेली दिसेल. पाण्यात बुडूनही ती तहानलेलीच राहिली!

असे का व्हावे? पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. शेतातील ओलाव्यात क्षार साठले, की पिकाच्या मुळांची हीच गत होते.

काळ्या जमिनीला सतत पाणी दिले आणि निचरा झाला नाही, तर जमिनीखालची पाणीपातळी वर चढते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. सांगली-कोल्हापूरकडे उसाची कितीतरी शेते अशीच क्षारपड झाली. तेथील शेतकऱ्याजवळ जमीन असते, पाणी असते, पण पीक नसते.

काही वनस्पती मात्र क्षारांशी झुंज देतात. खाडीतील काही तिवरे पानांवाटे मीठ बाहेर टाकतात. करंज बराचसा सोडियम मुळांतच अडवून ठेवतो. नाशिकला रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला करंज आपण पाहिला असेलच. त्याचे मूळ घर नदीकाठ आणि खाडीकाठ. त्याच्या बियांत वजनाच्या सुमारे ३० टक्के तेल असते. ते कडू असल्याने खाण्याच्या उपयोगाचे नाही. पूर्वी ते दिव्यात जाळीत.

मग ते इंजिनात का जाळू नये? १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. अडचण आहे ती श्यानतेची, म्हणजे दाटपणाची. करंजतेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. त्याचा बारीक फवारा उडत नाही आणि इंजिनात काजळी साचते. म्हणून उत्प्रेरकाच्या साहाय्याने मिथेनॉलशी त्याची अभिक्रिया घडवितात. जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर पातळ बायोडिझेल उरते.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका हेक्टरात ४०० झाडे आहेत आणि प्रत्येक झाड १० किलो बी देते. घाण्यातून चौथा हिस्सा तेल निघाले, तर वर्षाला १००० किलो तेल मिळेल. पण क्षारांशी झगडण्यात झाडाची ऊर्जा खर्च होते, म्हणून खाऱ्या जमिनीत उत्पन्न याहून कमीच धरावे. शिवाय फळे धरेपर्यंत चार-पाच वर्षे थांबावे लागते. २००३ नंतर पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून डिझेल मिळविण्याचा मोठा गाजावाजा झाला. पण निकस जमिनीने अपेक्षेइतके बी दिले नाही. निसर्ग फुकट काही देत नाही, हा ऊर्जेचा नियम तेथेही लागू पडला.

म्हणून निचरा करून जे शेत सुधारता येते, ते आधी सुधारावे. धान्याची जागा इंधनाने घेऊ नये. पण जेथे आज काहीच पिकत नाही, तेथे थोडे तेल, खतासाठी पेंड आणि सावली मिळाली, तर ती शून्यापेक्षा निश्चितच जास्त आहे.

या उन्हाळ्यात शाळेजवळच्या एखाद्या करंजाखालच्या शेंगा गोळा करा. बी सोलून वजन करा. आपले झाड किती तेल देईल, याचा हिशेब मग तुम्हीच मांडा.