गाणे आपले, गाणे दुसऱ्याचे

लोकगायक स्टुडिओत जाऊन अल्बम काढतो, तेव्हा त्यात काही गाणी स्वतःची असतात, काही आधीच गाजलेली. जयंतीच्या मंचावर हा भेद कुणी विचारत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र तो विचारावा लागतो.

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचेच उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा पुष्कळ गीतांच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. वेळ वाचविण्यासाठी ते कडवेच गाळले, की कवी नाहीसा होतो!

कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो; म्हणजे वामनदादांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, हक्कदाराची संमती नसल्यास मूळ ध्वनिमुद्रणाला ५ वर्षे झाल्यावरच ते गीत दुसऱ्याला मुद्रित करता येते. त्यासाठी आगाऊ सूचना, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आणि वेष्टनावर तसा ठळक उल्लेख लागतो. गरीब गायकाला हे कसे झेपणार? त्यापेक्षा उरवडे परिसरातील होतकरू गायक बंधू-भगिनींनी हक्कदाराची लेखी संमतीच घ्यावी. चाल कोणाची, हेही त्याच वेळी पाहावे. भीमगीतांत शब्द एकाचे आणि चाल एखाद्या चित्रपटगीताची, असे पुष्कळदा असते, आणि चालीचा हक्क निराळा असतो.