हाताशी असलेलं – लेखांक ६ : बांगडीतली पिन, काखेतली छत्री

गेल्या आठवड्यात ओरडण्याबद्दल लिहिलं होतं. आवाज फुटल्यावर हात काय शोधतो, ते आज पाहू.

माझी आई बांगडीत कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवून ठेवायची. पदर सुटला, चपलेचा अंगठा तुटला, तर असाव्यात म्हणून. पण गर्दीच्या बसमध्ये चढताना त्यातली एक उघडून ती चिमटीत धरायची. ते कशासाठी, हे मला बाराव्या-तेराव्या वर्षी कोणी न सांगताच कळलं. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये या पिनेचं पेटंट घेतलं. वापरणाऱ्याच्या बोटात टोक जाऊ नये, ही तिची खुबी. आपल्या बायकांनी ते झाकलेलं टोकच कामाला लावलं.

पिनेने कोणी जायबंदी होत नाही आणि व्हायलाही नको. अंगचटीला येणारा हात गर्दीच्या आडोशावर विसंबलेला असतो. टोचताच तो झटक्यात मागे जातो. त्याच क्षणी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, जागा सोडायची, कंडक्टरला गाठायचं. वस्तूने मिळवून द्यायचे ते हे दोन-तीन क्षण.

छत्रीचंही तेच. तीही लांब दांड्याची हवी. घडीची छत्री पहिल्याच दणक्याला वाकते. बहुतेकजण छत्री काठीसारखी डोक्यावरून फिरवतात. तो फटका लांबून येताना दिसतो, समोरचा तो सहज पकडतो आणि मग छत्री त्याची होते. त्यापेक्षा एक हात मुठीपाशी, दुसरा मधोमध, आणि टोक समोर रोखून पोटाच्या दिशेने सरळ, आखूड धक्का. लगेच मागे ओढायची. टोक आपल्या आणि त्याच्या मध्ये राहिलं, की त्याला जवळ येणं अवघड होतं. घरी उशी भिंतीला टेकवून दहा वेळा करून बघा. हात किती लवकर थकतो तेही कळेल.

बोटांच्या फटींत किल्ल्या धरून ठोसा मारण्याचा सल्ला अनेकजणी देतात. मला तो धोक्याचा वाटतो. ठोसा बसताच किल्ल्या फिरतात आणि आपलीच बोटं सोलवटतात. एकच मोठी किल्ली अंगठा आणि तर्जनीत, कुलपात घालताना धरतो तशी घट्ट धरावी. मिरचीची पूड वाऱ्यावर उलटून आपल्याच डोळ्यांत जाते. आणि मोबाईल फेकून मारू नका; ११२ लावायला तोच लागणार आहे.

आता कायदा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. धोक्याची रास्त भीती वाटली की तो सुरू होतो, प्रत्यक्ष मार खाण्याची वाट पाहावी लागत नाही. ती भीती असेपर्यंतच तो टिकतो, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत राग म्हणून घातलेली छत्री या हक्कात बसत नाही. त्या वेळी आपण उलट्या दिशेला, उजेडाकडे, माणसांकडे धावायचं असतं.

पुढच्या आठवड्यात ओढणी आणि लांब पट्ट्याची पर्स : अंगावर असूनही समोरच्याच्या हातात जाणाऱ्या वस्तू.