‘ओत’ : यजमान कीं पाहुणा?

आमचा नातू शाळेंत फ्रेंच भाषा शिकतो. परवां कोश हातांत घेऊन तो आमच्यापुढें उभा राहिला व म्हणाला, “आजोबा, ‘ओत’ म्हणजे यजमान आणि ‘ओत’ म्हणजेच पाहुणा! मग वाढणारा कोण नि जेवणारा कोण, हें कळायचें कसें?”

प्रश्न मार्मिक होता; पण कोशाची चूक नव्हती. हा शब्द लॅटिन ‘होस्पेस’पासून आलेला असून हे दोन्ही अर्थ त्या मूळ शब्दाचेच आहेत. त्याच्या उत्तरार्धांत आपल्या ‘पति’ शब्दाचें भावंड आहे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. प्राचीन रोमन लोकांत दोन घराण्यांचा आतिथ्यसंबंध जडला म्हणजे खुणेच्या वस्तूचे दोन भाग करून ते उभयतां जपून ठेवीत. पुढें तो भाग दाखविला कीं वंशजांसही त्या घरीं आश्रय मिळे. आजचा पाहुणा उद्यांचा यजमान! तेव्हां शब्द एकच असावा यांत नवल तें काय?

व्यवहारांत मात्र संदर्भ पाहावा लागतो. ‘ताब्ल दोत’ म्हणजे शब्दशः यजमानाचें मेज. अर्थ, ठरीव दरांतील ठरीव भोजन. ‘ओतेस’ ही नेहमीं यजमानीणच; पाहुणी बाई ‘ओत’च राहते. घोटाळा होईलसा वाटल्यास पाहुण्यास ‘आमंत्रित’ या अर्थाचा निराळा शब्द योजतात. जीवशास्त्रांत परोपजीवी जंतूस आश्रय देणारा प्राणीही ‘ओत’च, तेथें पाहुणा नकोसा, एवढेंच! याच कुळांतील ‘ओतेल’ शब्द तर प्रवाशांस चांगलाच चकवितो. ‘ओतेल द व्हील’ ही नगरपालिकेची कचेरी आणि पॅरिसचें ‘ओतेल-द्यू’ हें रुग्णालय. तेथें खोली मागून उपयोग नाहीं.

आपल्याकडे यजमान व पाहुणा हे शब्द वेगळे. परंतु ‘व्याही’ पाहा. मुलीचा बाप व मुलाचा बाप, दोघेही एकमेकांचे व्याहीच. हा शब्द व्यक्तीपेक्षां नात्याचें नांव सांगतो. ‘ओत’ही तसाच.

पेन्शन घेतल्यापासून आम्ही चिरंजीवांच्या घरीं राहतों. पूर्वीं दाराशीं येणारा आमचें नांव विचारी. आतां चिरंजीवांचें विचारतो. सूनबाई आग्रहानें वाढतात, तेव्हां आपण या घरांत आतां पाहुणे झालों कीं काय, असें क्वचित् मनास चाटून जाई. नातवाच्या कोशानें ती रुखरुख बरीच कमी केली.

त्यास आम्ही इतकेंच सांगितलें, “बाळ, वाढणाराही ओत आणि जेवणाराही ओत, पाळी तेवढी बदलते. चल, आज पानें आपण घेऊं.”