धुराड्यावरील गाळणी

घरांतील वडीलधाऱ्यांनीं आगाऊ सावधगिरीची गोष्ट काढली, कीं तरुण मंडळी त्यांस हंसतात, हें आम्ही नेहमींच पाहतों. इंग्लंडांत विंडस्केल येथें असेंच घडलें. बाँबसाठीं प्लुटोनियम करणाऱ्या तेथील अणुभट्ट्या हवेनें थंड ठेवीत आणि ती हवा सुमारें ४०० फूट उंच धुराड्यांतून बाहेर सोडीत. सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनीं धुराड्यांस गाळण्या बसविण्याचा आग्रह धरला. बांधकाम बरेंच पुढें गेलेलें असल्यामुळें त्या थेट शेंड्यावर चढवाव्या लागल्या, आणि ‘कॉक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणून त्यांची थट्टा झाली.

१९५७ च्या ऑक्टोबरांत एका भट्टीस आग लागली, तेव्हां याच गाळण्यांनीं किरणोत्सर्गी धुळीचा मोठा भाग अडविला. वायुरूप आयोडीन मात्र निसटलें. तें गवतावाटे गाईंच्या दुधांत उतरलें आणि सुमारें ५०० चौरस किलोमीटर टापूंतील दूध कित्येक दिवस ओतून द्यावें लागलें.

आज अनेक देशांत अणुभट्टीवरील दाब सोडतांना वायु पाण्यांतून व बारीक जाळ्यांतून गाळण्याची सोय असते. २०११ सालीं फुकुशिमा येथें ती नव्हती. खर्चाकडे बोट दाखविणारांस आमचें सांगणें इतकेंच: गाळणी असूनहि जर एवढें दूध गेलें, तर ती नसती तर काय काय गेलें असतें, हा आंकडा प्रथम मांडावा.